देश काढणारी मुलं : एक प्रस्तावना

पाचवी ते आठवीच्या मुलांनी गटागटानं बसून स्वतःचा एक देश तयार करायचा, असा हा उपक्रम आहे. देशाला नाव द्यायचं, त्याचा नकाशा काढायचा, नकाशात डोंगर, नद्या, शेतं आणि गावं बसवायची. तिथे कोण राहतं, काय पिकवतं, कोणती भाषा बोलतं हे ठरवायचं. मग कायदे, झेंडा, नाणी आणि शेजाऱ्यांशी करार. आठवड्यातले दोन-तीन तास दिले तर शाळेच्या एका सत्रात हे काम नीट होतं. साहित्य म्हणाल तर मोठे कागद, शिसपेन्सिली, खोडरबर आणि घाई न करणारा शिक्षक. पुढच्या पानांत या कामाची पायरीपायरीनं मांडणी आहे. ती वाचण्याआधी हे सगळं कशासाठी करायचं, आणि हुबळी-धारवाडच्या मुलांनी ते करण्यात विशेष काय आहे, हे सांगायला हवं.

मला सांगायची गोष्ट एकच आहे. देश माणसांनी बनवलेला असतो, आणि हे मुलाला कळण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याला एक देश बनवू देणं. शाळेच्या पुस्तकात देश तयार होऊन येतो. सीमा, राजधानी, नाणं, कायदा हे सगळं सृष्टीच्या आरंभापासून असंच असावं, अशा थाटात पानावर छापलेलं असतं. मुलानं ते पाठ करायचं आणि परीक्षेत लिहायचं. तेच मूल कोऱ्या कागदापुढे देश काढायला बसलं की त्याला क्षणोक्षणी काहीतरी ठरवावं लागतं. राजधानी कुठे? नदीचं पाणी आधी कुणाला? शेजारचा गट आपल्या हद्दीत आला तर काय करायचं? अशा दहा गोष्टी स्वतः ठरवल्या की अकराव्या वेळी त्याच्या लक्षात येतं, की आपल्या अवतीभवतीचंही कुणीतरी कधीतरी ठरवलेलं आहे. त्यामागे कारणं होती, वाद झाले, तडजोडी झाल्या. आणि माणसांनी ठरवलेल्या गोष्टीचा माणसं फेरविचारही करू शकतात. नागरिकशास्त्राचा खरा पहिला धडा हाच आहे.

अशी जगं उभी करायला मुलांना शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मराठी घरांच्या अंगणात, आणि आता इमारतींच्या आवारातही, मातीचे किल्ले उभे राहतात. धारवाडपासून फार दूर नसलेल्या बेळगावात तर गल्लोगल्ली राहतात. दगड-विटांवर ओली माती थापायची, बुरूज, तट, तळं, भुयार करायचं, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून शेत उगवायचं, वर महाराज आणि वाटेवर मावळे. थोडं निरखून पाहिलं तर पायथ्याशी गावही असतं. त्यात विहीर असते, बाजार असतो, पाणी भरणारी बाई असते. किल्ल्याला गाव लागतं आणि गावाला पाणी लागतं, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. माती हाताळता हाताळता त्यांना ते सुचतं.

जगभर हे होत आलं आहे. १८२६ साली इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावात ब्रॉण्टी कुटुंबातल्या मुलाला वडिलांनी बारा लाकडी शिपाई आणून दिले. चार भावंडांनी त्या शिपायांना नावं दिली, त्यांच्यासाठी ग्लास टाउन वसवलं, आणि तळहातात मावतील एवढ्या शिवलेल्या पुस्तकांत बारीक अक्षरांत त्याचे वृत्तांत लिहिले. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया नावाचं राज्य चालवलं. एमिली आणि ॲन या धाकट्या दोघींनी वेगळं निघून गोंडाल उभारलं. लेखक सी. एस. लुइस आणि त्याचा थोरला भाऊ यांची लहानपणची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. धाकट्याचा देश बोलक्या प्राण्यांचा होता, थोरल्याचा होता ‘इंडिया’. दोन देश जोडायचे तर त्यांच्यामध्ये समुद्र हवा. म्हणून त्यांनी हिंदुस्थानचं बेट केलं, हिमालयाच्या पाठीमागून किनारा ओढला आणि आगबोटींचे मार्ग ठरवून टाकले. अशा दीर्घकाळ चालणाऱ्या खासगी जगांना मानसशास्त्रात ‘पॅराकॉझम’ म्हणतात. बीबीसीत श्रोत्यांविषयीच्या संशोधनाचं काम पाहणाऱ्या रॉबर्ट सिल्वी यांनी अशा जगांच्या नोंदी गोळा केल्या. ते स्वतः लहानपणी अशाच एका देशाचे कर्ते होते. त्या सामग्रीवर डेव्हिड कोहेन आणि स्टीफन मॅककीथ यांचं पुस्तक १९९१ मध्ये निघालं.

मराठी मुलांना असा देश विंदा करंदीकरांनी दिला. ‘एटू लोकांचा देश’ हा त्यांचा बालकवितासंग्रह आपल्या कित्येक घरांत मोठ्यानं वाचला गेला आहे. आणि धारवाडच्या मराठी वाचकाला इथे जी. ए. कुलकर्णी आठवल्यावाचून राहणार नाहीत. धारवाडच्या जे.एस.एस. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या या लेखकानं ‘बखर बिम्मची’ लिहून एका लहान मुलाचं स्वयंपूर्ण जग आपल्यापुढे मांडलं. मुलाची कल्पना ही मोठ्यांच्या विचारापेक्षा कमी प्रतीची वस्तू नाही, हे ज्याला पटवून घ्यायचं असेल त्यानं बिम्म वाचावा.

मग जे मुलं आपणहून करतात ते वर्गात कशाला आणायचं? कारण एकट्याच्या देशात कुणाची संमती लागत नाही, आणि चाळीस मुलांच्या वर्गात ती घेतल्याशिवाय एक रेघही पुढे सरकत नाही. माळ्यावर बसून एका मुलीनं काढलेला देश सुंदर असेल. पण तिच्या नदीकाठी दुसऱ्याला गिरणी हवी आणि तिसऱ्याला देऊळ हवं असेल तेव्हाच देश म्हणजे काय ते कळायला लागतं. हाताला काम, कामाला हेतू आणि सोबतीला इतर माणसं असली म्हणजे शिक्षण होतं, असं जॉन ड्यूई सांगत होते. त्यांचे सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’ नावाचा निबंध लिहिला. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडण्याचा आग्रह धरला. हा उपक्रम त्याच परंपरेतला आहे.

आता हुबळी-धारवाडविषयी. या दोन शहरांत राहणाऱ्या मुलाच्या घरी आजी-आजोबा असतील, तर नकाशा बदलतो हे सिद्ध करायला पुस्तक लागत नाही. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेलं, त्या राज्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं. १९९७ मध्ये जुन्या धारवाड जिल्ह्यातून गदग आणि हावेरी हे जिल्हे वेगळे निघाले. हुबळी आणि धारवाड यांची एक महापालिका १९६२ मध्ये झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत धारवाडला वेगळी महापालिका देण्यास राज्याच्या मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. म्हणजे घर जागच्या जागी राहिलं आणि त्याचा पत्ता बदलत गेला.

त्याहीआधीचं चित्र मुलांना थक्क करील. हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या गावी जायचं म्हणजे आज लहानसा प्रवास. संस्थानी काळात मात्र ते जमखंडी संस्थानात शिरणं होतं. लक्ष्मेश्वर मिरजेचं, शिरहट्टी सांगलीची, सावनूर नवाबाचं. पटवर्धनांच्या संस्थानांचे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते. वर्गातल्या चार गटांनी चार वेड्यावाकड्या आकारांचे देश काढले आणि एका देशाचा तुकडा दुसऱ्याच्या पोटात राहिला, तर शिक्षकानं तो खोडायला सांगू नये. हा प्रदेश १९४८ पर्यंत अगदी तसाच होता. टपाल, जकात, शाळा आणि न्याय यांची व्यवस्था अशा तुकड्यांत कशी होत असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तरासाठी त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवावं.

शिवाय धारवाडनं एक प्रदेश आधी मनात आणि मग नकाशावर आणलेला आहे. कन्नड बोलणारी माणसं जेव्हा मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कुर्ग अशा निरनिराळ्या राजवटींत वाटली गेली होती, तेव्हा धारवाडच्या आलूर वेंकटराव यांनी एकसंध कर्नाटकाचं स्वप्न मांडलं. १८९० मध्ये स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ त्या विचाराचं घर होता, आणि आलूरांचं ‘कर्नाटक गतवैभव’ १९१७ मध्ये आलं. हेच आलूर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये नेलं. पुस्तकातल्या कल्पनेपासून १९५६ च्या सीमारेषेपर्यंत चार दशकं गेली. त्या रेषेनं कुणाला घर मिळालं आणि कुणाला आपण घराबाहेर राहिल्याचं दुःख झालं. सीमाभागातल्या मराठी कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. मुलांसमोर दोन्ही बाजू मोकळेपणानं याव्यात. रेघ ओढणाऱ्याला रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं दिसली पाहिजेत, एवढं जरी या उपक्रमातून साधलं तरी पुष्कळ झालं.

नकाशाचं काम पाण्यापासून सुरू करावं. पहिल्या नकाशांत नद्या हटकून चुकतात. एक नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढते, दुसरी मधेच फुटून दोन्ही किनाऱ्यांना मिळते. तेव्हा फळ्यावर उत्तर लिहिण्याऐवजी मुलांना बाहेर न्यावं, कारण धारवाड थेट जलविभाजकावर वसलेलं आहे. सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते. ती पश्चिमेला वळते, पुढे बेडती होते, यल्लापूरजवळ मागोडला धबधब्यानं कोसळते आणि गंगावळी या नावानं अरबी समुद्राला मिळते. त्याच परिसरातलं दुसऱ्या उतारावरचं पाणी बेण्णीहळ्ळातून मलप्रभेला, मलप्रभेतून कुडलसंगमला कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. पावसाळ्यात शहराच्या कोणत्या उतारावर थेंब पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. पश्चिमेला कलघटगीच्या बाजूनं मलनाडाची झाडी सुरू होते, पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीकडे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पसरतो. भातशेती कुठे, कापूस आणि ज्वारी कुठे, दाट वस्ती कुठे, हे कल्पनेच्या देशात ठरवण्याआधी मुलांनी हे पाहिलेलं असावं.

पाण्यामागोमाग राजकारण येतंच, आणि ते येऊ द्यावं. हुबळी-धारवाडला बेडतीच्या खोऱ्यातल्या नीरसागर तलावातूनही पाणी आलं आणि मलप्रभेवरच्या रेणुकासागरातूनही. ते पुरेना म्हणून म्हादईच्या पाण्याची मागणी आली. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात जाते. कळसा-भांडुरा योजनेवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यातला वाद लवादापुढे गेला. २०१० मध्ये नेमलेल्या लवादानं १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला: गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. या वादात हुबळीच्या नळाशी उभी असलेली बाई खरी आहे, गोव्यातल्या नदीकाठचा शेतकरी खरा आहे आणि जंगलही खरं आहे. वर्गातल्या दोन गटांच्या देशांतून एक नदी वाहू द्या. वरच्या देशानं धरण बांधायला काढलं की खालच्या देशाचे प्रतिनिधी आपणहून उठून उभे राहतील. त्यांचा करार त्यांनीच लिहावा, आणि करारात कोरड्या वर्षाचं काय, हे कलम असलंच पाहिजे असा आग्रह शिक्षकानं धरावा.

देश किती मोठा हे मुलांना चटकन सांगता येत नाही. ‘खूप मोठा’ हे एकच माप असतं. हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा १५०७ मीटर लांबीचा फलाट इथे उपयोगी पडतो. जगातला सर्वांत लांब म्हणून नावाजलेला हा फलाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहावा, लागलेली मिनिटं मोजावी, आणि कागदावर ते अंतर एका सेंटिमीटरचं धरून देश पुन्हा काढावा. मग शाळा घरापासून किती दूर पडली, दवाखान्यापर्यंत आजारी माणूस कसा पोचेल, हे आकडे मुलांच्या पायांना कळलेले असतील.

झेंडा हा मुलांचा सर्वांत आवडता भाग, आणि सगळ्यांत लवकर उरकला जाणाराही. तीन पट्टे, एक वाघ, झालं. हुबळीत तो उरकू देऊ नये. बेंगेरीतल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात भारताचा राष्ट्रध्वज तयार होतो. हा संघ १९५७ मध्ये स्थापन झाला आणि भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणानुसार ध्वज बनवणारं हे देशातलं प्रमुख केंद्र आहे. कापड बागलकोटकडच्या तुळसिगेरीत विणलं जातं. धारवाडजवळच्या गरगची खादीही अनेक वर्षं झेंड्यासाठी वापरली गेली. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, ठरलेले आकार नऊ, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. चक्राला २४ आरे, आणि ते कापडाच्या दोन्ही बाजूंना अचूक एकावर एक यावे लागतात. सूत, रंग, टाका, सगळं तपासलं जातं. हे काम करणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली, आणि खादीवर पोट असलेल्यांना काळजी लागली. एका झेंड्यात भूमिती आहे, कायदा आहे, कुणाचा तरी रोजगार आहे. आपल्या देशाचा झेंडा कोण शिवणार आणि त्याला काय मजुरी मिळणार, हे लिहिल्याशिवाय कोणत्याही गटाचं झेंड्याचं पान पूर्ण धरू नये.

भाषेचा प्रश्न या शहरांत टाळताच येत नाही. इथल्या एका वर्गात कन्नड, मराठी, उर्दू, कोंकणी, हिंदी आणि लंबाणी घरांतली मुलं शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. मूल घरी एक भाषा बोलतं, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी. धारवाडचे द. रा. बेंद्रे मराठी बोलणाऱ्या घरातले. कन्नडमधले थोर कवी म्हणून त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्यांनी मराठीतही लेखन केलं आणि सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापन केलं. कल्पनेच्या देशाची भाषा ठरवताना पहिला ठराव बहुधा ‘एकच भाषा’ असा येईल. तेव्हा शिक्षकानं खिशातली नोट काढून दाखवावी. हिंदी आणि इंग्रजीशिवाय तिच्यावर आणखी पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. त्यात कन्नड आहे, मराठी आहे, कोंकणी आहे, उर्दू आहे. मग विचारावं: तुमच्या देशातल्या दवाखान्यात एखादी आजी तिच्याच भाषेत दुखणं सांगू लागली, तर ते समजणारं कुणी आहे का? मतदानापेक्षा या प्रश्नानं ठराव जास्त वेळा बदलतील.

कायद्याकडे येऊ. बहुतेक गट सैन्य आधी उभं करतील आणि तुरुंग त्यामागोमाग. त्याला हरकत घेऊ नये. फक्त सैनिकांना जेवण कोण घालतं ते विचारावं. त्यानंतर त्यांना सांगण्यासारखी एक मराठी हकीकत आहे. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात, ७२ गावांच्या छोट्याशा राज्यात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना देऊन सत्ता गावपंचायतींच्या हाती सोपवली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम तिच्यामागे होते. विजापूरजवळचं गुणदाळही औंधचंच होतं. राजानंच राजेपण सोडायचं ठरवलं, हे ऐकून ज्या गटानं आपल्यातल्या एकाला राजा केलं असेल तो नक्की विचारात पडेल.

त्यापाठोपाठ भारताची घटना येते. संविधान सभेनं सुमारे तीन वर्षं खपून २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ती स्वीकारली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा धारवाडशी जवळचा संबंध होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इथे वसतिगृह चालवलं. घटना लिहिणाऱ्या माणसाला आधी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय लावावी लागली होती, यात घटनेचं सारं मर्म आलं. म्हणून मुलांच्या संविधानाला माझी एकच कसोटी आहे. देश काढून झाला की प्रत्येक मुलानं चिठ्ठी उचलावी: तू या देशात अंध आहेस, तू कालच परक्या मुलखातून आली आहेस, तू पौरकार्मिक आहेस आणि पहाटे रस्ते झाडतोस, तुझी भाषा बोलणारी फक्त वीस माणसं इथे आहेत. चिठ्ठीतल्या माणसाचा एक दिवस आपल्याच देशात जगून लिहायचा. मग कायद्याची वही पुन्हा उघडायची.

मुलांच्या हाती कारभार गेला तर ती एकमेकांवर तुटून पडतील, ही भीती मोठ्यांना वाटते. विल्यम गोल्डिंगच्या १९५४ च्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ कादंबरीनं ती जगभर पसरवली, जी. एं.नी तिचा मराठी अनुवाद केला आहे. कादंबरी थोर आहे, आणि बेटावरच्या मुलांचं जे झालं ते मोठ्यांच्या युद्धखोर जगाचंच प्रतिबिंब आहे. पण घडलेली गोष्टही मुलांना सांगावी. १९६५ मध्ये टोंगामधली सहा शाळकरी मुलं वादळात भरकटून ‘आता’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. १९६६ मध्ये त्यांची सुटका होईपर्यंत साधारण पंधरा महिने ती तिथे राहिली. त्यांनी कामांच्या पाळ्या लावल्या, पेटवलेला विस्तव विझू दिला नाही, भांडण झालं की भांडणाऱ्यांना शांत होईपर्यंत वेगळं बसवलं, आणि एकाचा पाय मोडला तेव्हा तो बांधून त्याचं काम बाकीच्यांनी उचललं. वॉर्साच्या अनाथाश्रमात यानुश कोर्चाक यांनी मुलांचं न्यायालय चालवलं होतं. त्याच्यापुढे मोठ्यांनाही, खुद्द कोर्चाक यांनाही, उभं राहावं लागे. विश्वास टाकला तर मुलं तो पेलतात.

आपल्याच राज्यात याचा भक्कम पुरावा आहे. १९९० च्या दशकात उडुपीकडच्या कुंदापूर भागात काम करणाऱ्या मुलांनी मक्कळ पंचायती, म्हणजे मुलांच्या पंचायती, चालवल्या. ओढ्यावर साकव नसल्यानं पावसाळ्यात शाळेला जाता येत नाही, असले प्रश्न त्यांनी गावापुढे मांडले. पुढे कर्नाटक सरकारनं ग्रामपंचायतींना मुलांच्या ग्रामसभा भरवायला सांगितलं. कल्पनेच्या देशात पूल कुठे हवा हे ज्यानं ठरवलं आहे, त्याला खऱ्या गावात पूल कुठे नाही ते दिसल्याशिवाय राहत नाही.

शिक्षकांना काही गोष्टी कळकळीनं सांगतो. स्पर्धा ठेवू नका. पहिला नंबर आला की बाकीचे देश मरतात. थर्माकोलच्या प्रतिकृती मागवू नका. त्या पालक रात्री जागून करतात आणि मुलाच्या हाती फक्त उचलून आणण्याचं काम उरतं. नकाशा शेवटपर्यंत शिसपेन्सिलीनं काढू द्या, आणि खोडलेल्या जुन्या नकाशाची प्रत जपून ठेवा, कारण शिकणं त्या दोन नकाशांच्या मधल्या अंतरात दिसतं. गटातलं भांडण मिटवायला धावू नका. भांडणाची नोंद वहीत करायला सांगा, कुणाचं म्हणणं काय होतं आणि शेवटी काय ठरलं. गुण द्यायचेच असतील तर त्या वहीला द्या. गप्प बसणाऱ्या मुलीला, बहुतेक वर्गांत ती मुलगीच असते, नकाशावरचं एक पूर्ण खोरं स्वतंत्रपणे ठरवायला द्या.

पालकांनाही एक विनंती. घरी मूल आपल्या देशाचे कायदे वाचून दाखवू लागलं की ते दुरुस्त करू नका. ‘असं नसतं रे’ हे वाक्य महिनाभर बाजूला ठेवा. त्याऐवजी तुमच्या आजोबांच्या वेळी गावात काय चालायचं, पाणी कुठून यायचं, कोणाला देवळाबाहेर उभं राहावं लागायचं, ते खरं खरं सांगा. मुलाच्या देशाला जुन्या अनुभवांची फार गरज असते.

आणि काम संपल्यावर त्या नकाशांचं प्रदर्शन भरवून थांबू नका. प्रत्येक गटाला विचारा: तुमच्या देशातली कोणती एक गोष्ट आपल्या गल्लीत, आपल्या वॉर्डात, आपल्या गावात आणता येईल? ती मागणी मुलांच्याच शब्दांत लिहा, नगरसेवकाकडे किंवा मुलांच्या ग्रामसभेत घेऊन जा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करा. मुलांनी नीट विचार करून काही मागितलं, तर मोठ्यांनी त्यांना उत्तर देणं हे त्या मोठ्यांचं कर्तव्य आहे.